नापास चकतीचा सूड

मित्रांनो, मी एक जुनी स्फटिकाची चकती आहे. शर्टाच्या बटणाएवढी, पाण्यासारखी पारदर्शक आणि मनाने वाईट. ही शेवटची गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू फार गोड बोलतात. जुनी छत्री म्हणते, मी ऊन-पाऊस सोसला. जुने बाक म्हणते, मी मुलांना मोठे होताना पाहिले. माझ्याकडून तसे काही ऐकायला मिळणार नाही. मी एका माणसावर डूख धरून होते. त्याचे वाईट झालेले मला पाहायचे होते, आणि ते मी पाहिले. कसे, ते क्रमाने सांगते.

माझा जन्म भट्टीत झाला. मॅग्नेशियम फ्लोराईड नावाचा पदार्थ वितळवून इतका सावकाश थंड केला, की त्याच्या कणांना शिस्तीत रांगा लावायला वेळ मिळाला. त्यातून जी कांडी निघाली तिचे काप केले. त्यातला एक काप मी. लेथवर फिरवून मला गोल केले, तेव्हा मी दुधी काचेसारखी आंधळी होते. मला डोळस केले ते ताईने.

ताई म्हणजे त्या कार्यशाळेची अर्धी मालकीण. उरलेला अर्धा मालक तिचा धाकटा भाऊ. कार्यशाळा म्हणजे एका बंद पडलेल्या छापखान्याची लांबट खोली होती. फरशीवर शाईचे जुने डाग होते, ते कितीही पुसले तरी जात नसत. ताईने पदार्थविज्ञानातली सगळ्यात वरची पदवी मिळवली होती आणि तिला त्याचा गर्व होता. तो ती लपवतही नसे. धाकट्याचा हात वायरी, विजेचा प्रवाह आणि तापमान यांत चालत असे. ती चकत्या घडवायची, तो लेसर बसवायचा.

ताई मला एका फिरत्या दांड्यावर मेणाने चिकटवत असे आणि माझ्या कडेला हिऱ्याच्या भुकटीचा लेप दिलेले कापड धरत असे. आधी जाड भुकटी, मग बारीक, मग त्याहून बारीक. भुकटी बदलण्यापूर्वी ती कोपरापर्यंत हात धुऊन अंगावरचा झगा बदलत असे. जाड भुकटीचा एक कण जरी बारीक कापडात गेला, तरी सगळ्या मेहनतीवर ओरखडा. जोर किती द्यायचा हे तिचा अंगठा ठरवत असे.

"झालं का गं ताई?" धाकटा दारातून विचारायचा.

"मला काय विचारतोस? तिला विचार," असे ती मान वर न करता म्हणायची.

आता माझे काम समजून घ्या, कारण ते समजल्याशिवाय माझा राग समजणार नाही.

अर्धवाहक लेसर मिठाच्या खड्याएवढा असतो. विजेचा थोडा प्रवाह दिला की प्रकाश देतो. स्वस्त आहे, कष्टाळू आहे, पण मन एका जागी नाही. जरा गरम झाला की त्याचा सूर, म्हणजे प्रकाशाचा नेमका रंग, सरकतो, प्रवाह किंचित हलला की पुन्हा सरकतो. अशा गवयाशेजारी कोणीतरी सूर धरून बसावे लागते. ती मी.

मोठ्या घुमटाखाली गोल भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजले, तर भिंतीच्या कडेकडेने ती कुजबूज पलीकडे उभ्या माणसाच्या कानापर्यंत जाते. माझ्या आत प्रकाश तसाच पळतो. कडेला आतून धरून, गोल गोल, हजारो फेऱ्या. कड इतकी गुळगुळीत, की बाहेर सटकायला त्याला फट मिळत नाही. अर्थात येईल त्या प्रकाशाला मी थारा देत नाही. ज्याच्या लाटा माझ्या परिघावर पुऱ्या मावतात, तुकडा उरत नाही, तोच सूर माझ्यात टिकतो. स्फटिक कितीही शुद्ध असला तरी त्यात काही बारीक उणिवा राहतातच. त्यांवर आपटून कणभर प्रकाश उलटा फिरतो आणि आला त्या वाटेने लेसरकडे परत जातो. लेसर तो ऐकतो, त्या सुराला चिकटतो आणि मग हलत नाही. शिकलेली माणसे याला सूक्ष्म अनुनादकाने लेसर स्थिर करणे म्हणतात. ताई म्हणायची, "उलट उत्तर देते, म्हणून कामाची आहे."

तेव्हा एवढे लक्षात ठेवा. माझे सगळे मोल त्या परत जाणाऱ्या कणभर प्रकाशात आहे. तो वाटेत अडवला, तर मी खरोखरच बटण.

पहिल्यांदा त्यांनी मला एका उघड्या फळीवर बसवले. जुळवाजुळव धाकट्याने केली. समोर लेसर, मध्ये भिंग, प्रकाश माझ्या आत सोडायला माझ्या कडेशी टेकेल न टेकेल असा काचेचा लोलक, आणि लेसर नि माझ्यामध्ये दुसरे काहीही नाही. पडद्यावर आधी लेसराचा सूर दाखवणारी रेघ केसाळ सुरवंटासारखी वळवळत होती. मग धाकट्याने प्रवाह किंचित फिरवला आणि ती एकदम सुईसारखी सरळ उभी राहिली. ताईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो हसला. त्या क्षणी तो मला आवडला होता, हेही सांगायला हवे. हिशेब पुरा असावा.

मग माणसे बघायला येऊ लागली. येणारा प्रत्येक जण दारातूनच विचारायचा, "ताईंची चकती कुठाय?" लेसर कोणाचा, हे कोणी विचारत नसे. धाकटा शेजारी वायर धरून उभा असे.

अशातच बोगदेबाई आली. हे तिला ताईने दिलेले नाव. ती डोंगरातल्या एका लांब बोगद्याच्या देखभालीची प्रमुख होती आणि तिच्या बुटांचा चिखल कायम ओला असे. बोगद्याच्या भिंतीतून केसासारखा बारीक काचेचा तंतू गेलेला होता. त्यात लेसरचा प्रकाश सोडायचा. भिंत जिथे ताणली जाईल तिथून परतणारा प्रकाश बदलतो, आणि तडा दिसण्याआधी तो कळतो. पण लेसरच डळमळत असेल, तर हलले काय, भिंत की लेसर, हे कळायचे कसे?

"डोंगर हलला तर मला आधी कळायला हवं, पेपरवाल्यांना नंतर," बोगदेबाई म्हणाली. "आणि भिंतीतल्या कोनाड्यात जागा आहे काडेपेटीएवढी. त्याहून मोठं काही आणलंत तर मी परत पाठवीन."

काडेपेटीएवढ्या डबीत सगळे बंद करायचे, तर त्या कामाचा माणूस हवा. धाकट्याने तो शोधून आणला. दूरसंचाराचे लेसर बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यात त्याची उमेदीची वर्षे गेली होती. काहीही म्हटले तरी तो आधी "बरोबर" म्हणायचा आणि मग स्वतःला हवे तेच करायचा, म्हणून त्याचे नाव पडले बरोबरसाहेब. माणूस लबाड नव्हता. तो ज्या कारखान्यातून आला होता, तिथे पहिला धडा एकच होता: लेसरकडे उलटा प्रकाश जाऊ द्यायचा नाही. उलटा प्रकाश म्हणजे बिघाड. त्यासाठी लेसरपुढे आयसोलेटर बसवतात. तो वालाच्या दाण्याएवढा असतो. प्रकाशासाठीचे एकतर्फी दारच म्हणा. पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही.

बरोबरसाहेबाने डबी भरताना लेसरपुढे, माझ्या अगदी तोंडासमोर, तो दाणा बसवला. आपण बूट घालताना मोजे घालतो, तितक्या सहजपणे. झाकण लावून डिंकाने बंद केले, आत कोरडा वायू भरला. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते.

बोगदेबाईसमोर डबी सुरू केली. पडद्यावर सुरवंट. प्रवाह फिरवला, तरी सुरवंटच. लेसराचा प्रकाश माझ्याकडे येत होता, मी दर खेपेला उत्तर देत होते, आणि ते उत्तर त्या दारावर आपटून मरत होते.

"मध्ये काय घातलंय?" ताईने विचारले.

"काही नाही, नेहमीचंच," बरोबरसाहेब म्हणाला.

"उघडा ती."

"बरोबर. पण उघडली की गेली. दमट हवा शिरेल, चकती कामातून जाईल. तशीही तीच गेलेली दिसतेय. बाकी सगळं मी तपासून घातलंय."

"माझी चकती गेलेली नाही."

बोगदेबाईने बुटाने बुटाचा चिखल खरवडला आणि पुढची तारीख मागून ती निघून गेली. ती गेल्यावर धाकटा ताईजवळ आला. आवाज खाली आणून, अगदी मायेने, तो म्हणाला, "ताई, रागावू नकोस. तुझे हात आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. मी बघतोय ना बरेच दिवस."

ताईने आपल्या हातांकडे पाहिले. दोन्ही तळवे वर करून पाहिले, मग उलटे करून. असे पाहिल्यावर कोणाचेही हात थोडे थरथरतात. तिने झगा काढून खुंटीला लावला आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. त्यानंतरही आली नाही.

आता नीट ऐका. मी ज्याच्यावर डूख धरला तो बरोबरसाहेब नव्हे.

ताई गेल्यावर डबी धाकट्यानेच उघडली. खोलीत तो एकटा होता. पात्याने डिंक कापला, झाकण बाजूला ठेवले, चिमटा उचलला. चिमटा माझ्याकडे येता येता मध्येच थांबला. तो त्या दाण्यावर थांबला. पहिली फळी याच हातांनी जुळवली होती आणि तिच्यावर असला दाणा नव्हता. त्याला कळले. मी त्याच्या चेहऱ्यासमोर बोटभर अंतरावर होते. त्याला कळलेले मी पाहिले. त्याने दाराकडे बघितले. मग चिमटा पुढे आला आणि त्याने मला उचलले. दाणा जागच्या जागी राहू दिला.

राग सगळ्यांनाच येतो, मित्रांनो. तुमचा दोन-चार फेऱ्या मारून विझतो. मी घडलेच आहे ते आत शिरलेली गोष्ट बाहेर न सोडण्यासाठी.

त्याने मला फेकून दिले असते तर गोष्ट इथेच संपती. पण त्याला मी दाखवायला हवी होते. पुढच्या खोलीत, पाहुणे बसतात तिथे, त्याने काचेची पेटी करून घेतली. कडेला रबर, आत उजेडाला छोटा दिवा. मखमलीच्या तुकड्यावर मला ठेवले आणि खाली पाटी लावली: "नापास. हाताने घासलेली." पाहुणे आले की तो सांगायचा, "आधी आम्ही हे असं हातानं करायचो. आता यंत्रानं केलेल्या चकत्या मागवतो."

पाहुणे वाकून बघायचे. एक विक्रेता माझ्या काचेत बघून भांग पाडायचा. एका बाईंनी विचारले, "मग खराब काय आहे हिच्यात? चकाकतेय की." धाकटा म्हणाला, "ते वरून दिसत नाही." हे मात्र खरे बोलला.

मला हिणवण्यासाठी त्याने जी पेटी केली, तिच्यात धूळ शिरत नव्हती, दिव्याच्या उबेने दमट हवा टिकत नव्हती आणि कोणाचे बोट पोचत नव्हते. ताईच्या हातून सुटले तशीच मी राहिले. मला हात नाहीत, तोंड नाही. सूड घ्यायला माझ्याजवळ एकच गोष्ट होती: खराब न होणे. ते मी मन लावून केले.

दरम्यान यंत्राने केलेल्या चकत्या आल्या. बरोबरसाहेबाने त्या भरल्या, दाण्यासकट. सुरवंट. दुसऱ्या मागवल्या. सुरवंट. उघड्या दारातून मला मागची खोली दिसायची. धाकट्याला रोग माहीत होता, औषधही माहीत होते. चिमट्याने दाणा उचलला की काम झाले. पण तो उचलला आणि रेघ सरळ झाली, की बरोबरसाहेब विचारणार, मग त्या जुन्या चकतीतही तेच होते का? ताईच्या कानावर जाणार. म्हणून दाणा काढता येईना. तो न काढता लेसर स्थिर करायचा, तर लेसरला गरम ठेवायला हीटर लागला. हीटर फार तापू नये म्हणून पंखा. हीटर आणि पंख्याचे भांडण सोडवायला तिसरे यंत्र. त्या यंत्राला स्वतःचा पंखा. डबीची पेटी झाली, पेटीचे कपाट झाले. वालाच्या दाण्याएवढे खोटे झाकायला कपाट लागले, आणि तरीही रेघ थरथरतच राहिली. धाकट्याचे केस कानांवर पांढरे झाले. मला बरे वाटले. खोटे कशाला सांगू?

बोगदेबाई तारखेला आली. कपाटाला एक प्रदक्षिणा घालून ती म्हणाली, "मी काडेपेटी मागितली होती. यात मी स्वतः मावेन."

"मॅडम, स्थिरता हवी तर—" बरोबरसाहेब सुरू झाला.

"पंखा बंद करून बोला, ऐकू येत नाही."

पंखा बंद केला तर लेसर जाईल म्हणून तो बंद करता येईना. बोगदेबाई पुढच्या खोलीत येऊन बसली. तिने पाटी वाचली, माझ्याकडे पाहिले, पुन्हा पाटी वाचली. "हीच का ती?" तिने धाकट्याला विचारले. "त्या बाई कुठे असतात हल्ली?" त्याने पत्ता माहीत नसल्याचे सांगितले. सख्ख्या बहिणीचा पत्ता. बोगदेबाईने तो स्वतः शोधला.

पुढचे मी पाहिलेले नाही. नंतर माझ्यासमोर जे बोलले गेले त्यावरून सांगते. ताई एका चष्म्याच्या दुकानात हिशोब बघत होती. भिंगे घासायचे काम तिथे होते, पण ती त्याला शिवत नव्हती. बोगदेबाईने परत चलण्याविषयी विचारले तेव्हा ती सरळ नाही म्हणाली. "माझ्या हाताची आता खात्री नाही. उगाच तुमच्या बोगद्याचं वाटोळं नको." बोगदेबाई उठली, आणि जाता जाता सहज म्हणाली, "तुमची ती चकती मात्र त्यांनी छान मांडून ठेवलीय. काचेत. खाली नापास लिहून."

"काय लिहून?" ताईने विचारले.

त्याच पावली ती बोगदेबाईसोबत आली. दारात चपला काढल्या आणि थेट माझ्या पेटीपुढे येऊन उभी राहिली. मी तिला ओळखले. ती वाळली होती. तिने पाटी वाचली. मग रबर सोलून काच काढली, स्वच्छ चिमटा मागितला आणि मला कडेला न शिवता, मधोमध धरून उचलले.

"हीच चकती, तोच लेसर, तीच डबी," ती म्हणाली. "या बाईंसमोर. आत्ता."

"ताई, अगं बस तरी. इतक्या दिवसांनी—" धाकटा म्हणाला.

"डबी आण."

त्याने भिंतीवरच्या फळीवरून ती जुनी डबी आणली. ताईने झाकण उचलून आत पाहिले. बराच वेळ पाहिले.

"हे काय आहे?"

बरोबरसाहेब वाकला. "हा? आयसोलेटर. नेहमीचंच."

"मी तेव्हा विचारलं होतं तुम्हाला, मध्ये काय घातलंय म्हणून."

"बरोबर. पण हे काय सांगायचं, ताई? जेवलात का विचारल्यावर, हो, ताटात जेवलो, असं सांगतं का कोणी? आमच्याकडे हा प्रत्येक लेसरपुढे असतो. उलटा प्रकाश यायला नको ना." तो बोलता बोलता थांबला. माझ्याकडे त्याने पाहिले, मग दाण्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "म्हणजे हिचं उलटं... अरे देवा. हिचं तर कामच ते आहे." तो खुर्चीवर बसला. यानंतर बराच वेळ तो बरोबर म्हणाला नाही.

ताई मात्र त्याच्याकडे बघत नव्हती. "तुमचं सोडा," ती म्हणाली. "तुम्ही बाहेरून आलात." मग धाकट्याकडे वळली. "पहिली फळी तू जुळवलीस. ही डबी कोणी उघडली?"

"मी."

"दिसलं होतं?"

बोगदेबाई उठू लागली. "मी बाहेर थांबते."

"बसा," ताई म्हणाली. "तुमचाच बोगदा अडलाय यात."

धाकटा टेबलाची कड नखाने खरवडत होता. मी चिमट्याच्या टोकावर होते आणि माझ्या आत एकच गोष्ट फिरत होती: बोल.

"दिसलं होतं," तो म्हणाला.

"मग?"

"सगळे यायचे आणि ताईची चकती, ताईची चकती. लेसर आभाळातून पडल्यासारखा. एकदा तरी तू चुकलीस असं व्हावं, एवढंच वाटलं. मग मीच दुरुस्त करणार होतो. पण मग करताच येईना."

"आणि माझे हात?"

त्याने टेबलावरचे हात मागे घेतले.

"तू म्हणालास, पूर्वीसारखे राहिले नाहीत. मी ते खरं मानलं रे," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आईच्या डोळ्यांत थेंब घालायला शेजारणीला बोलवायचे मी. मला वाटायचं, माझा हात हलेल, बाटलीचं टोक लागेल आईच्या डोळ्याला. आई म्हणायची, तूच घाल की गं. मी म्हणायचे, मला जमत नाही."

हे मला माहीत नव्हते. माझा सूड तोवर माझ्या पाटीपुरता होता. त्या क्षणी तो मोठा झाला.

धाकट्याने डोळ्यांवर हात ठेवला. "ताई—"

"नंतर रड. आधी काढ ते. तुझ्या हातानं."

त्याने दुसरा चिमटा घेतला. दाण्याशी नेला, आणि चिमट्याचे टोक डबीच्या कडेवर टकटक वाजू लागले. सगळ्यांना ऐकू आले.

"काय रे," ताई म्हणाली, "हात पूर्वीसारखे राहिले नाहीत का?"

मित्रांनो, काचेत घालवलेला सगळा काळ त्या एका वाक्यात वसूल झाला.

दोन खेपा चुकून तिसऱ्या खेपेला दाणा निघाला. मग मला जागेवर बसवायचे होते. ताईने आपला चिमटा पुढे केला. तिने मला लोलकाशी नेले, टेकेल न टेकेल अशा अंतरावर, जिथे केसाच्या शंभराव्या भागानेही खेळ बिघडतो. मी तिच्या हातात होते, म्हणून हे माझ्याइतके खात्रीने कोणी सांगू शकणार नाही: हात हलला नाही. तिने मला सोडले आणि मग स्वतःच्या बोटांकडे पाहिले, तळवे वर करून. या वेळी ती थोडी हसली.

धाकट्याने प्रवाह फिरवला. सुरवंट वळवळला, एकदा आखडला, आणि रेघ सुईसारखी उभी राहिली. ना हीटर, ना पंखा. मागे ते कपाट घरघरत होते. बोगदेबाई स्वतः उठून गेली आणि तिने त्याचे बटण बंद केले.

"मला अशा किती मिळतील?" शांत खोलीत तिने विचारले. विचारले ताईला.

धाकटा म्हणाला, "ताई, परत ये."

मला वाटले होते ती नाही म्हणेल. माझी इच्छा होती की तिने सगळे काम घेऊन जावे, धाकट्याने त्या रिकाम्या खोलीत कपाटाशेजारी बसावे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने वाकून त्याच्याकडे पाहावे. ताईला तेवढ्यावर समाधान नव्हते.

"येईन," ती म्हणाली. "माफ केलंय म्हणून नाही. दूर राहून तुला काहीच कळणार नाही, म्हणून. डबी तू भरायचीस, मी बघणार. डिंक बंद. स्क्रू. जे बंद केलं ते कधीही, कोणासमोरही उघडता आलं पाहिजे. आणि आजपासून रोज सकाळी आधी घरी जायचं, आईच्या डोळ्यांत थेंब घालायचे, मग इथे यायचं."

"मी? माझा हात हलतो, ताई. बघितलंस ना आत्ता."

"हलू दे. शीक."

तो शिकला. आई त्याला काय बोलली, हे मला ठाऊक नाही; तो सकाळी कार्यशाळेत येतो तेव्हा बराच वेळ कोणाच्या नजरेला नजर देत नाही, एवढे मी पाहिले आहे. बरोबरसाहेब राहिला. आता त्याला डबीत काय घातले असे विचारले, तर तो स्क्रूच्या धातूपासून सुरुवात करतो आणि माणसे जेवायला निघून जातात.

मी बोगद्यात आहे. भिंतीतल्या कोनाड्यात, काडेपेटीएवढ्या डबीत, माझ्या त्या चंचल लेसरासमोर. तो सूर सोडू बघतो, मी उलट उत्तर देते, तो गप बसतो. एकदा डोंगराने किंचित अंग हलवले, तेव्हा बोगदेबाईला पेपरवाल्यांच्या आधी कळले. तिने बोगदा बंद करून भिंत बांधून काढली आणि पुन्हा सुरू केला. कोणाला काही झाले नाही, म्हणून कोणी बातमीही छापली नाही.

मित्रांनो, आता बोध सांगायची वेळ आली आहे. क्षमा करा, असे मी सांगणार नाही. मला ते येत नाही. माझी मागणी साधी आहे. आमच्यासारख्यांना उघड्या बोटांनी शिवू नका. आमच्यावर फुंकर मारून धूळ उडवू नका, फुंकरीत थुंकी असते. आणि कोणाला नापास म्हणायचे असेल, तर आधी त्याच्या तोंडापुढे काय ठेवले आहे ते उचलून बघा. उचलून बघितल्यावर दिसले, तर दिसले म्हणा.

वर्षातून काही वेळा मला तपासणीसाठी कार्यशाळेत आणतात. स्वच्छ हवेच्या काचकपाटात डबी ठेवतात आणि धाकटा झाकणाचे स्क्रू काढतो. श्वासाची वाफ माझ्या कडेवर बसली, तर मी काही काळ निकामी होते. म्हणून तोंडाला पट्टी असली तरी झाकण उघडे असेपर्यंत त्याने श्वास घ्यायचा नाही, असा ताईचा नियम आहे. ती त्याच्या मागे हाताची घडी घालून उभी राहते. तो माझ्यावर वाकतो. त्याचा हात आता हलत नाही. काम तो चोख करतो, हे मला मान्य करावे लागते. मी खालून त्याच्याकडे पाहत असते. आधी कान तांबडे होतात, मग कपाळावरची शीर फुगते, मग डोळ्यांत पाणी येते. झाकण बसते. शेवटचा स्क्रू फिरतो. तरीही तो ताईच्या शब्दाची वाट बघत तसाच उभा राहतो.

"सोड," ताई म्हणते.

ती ते नेहमी थोडे उशिराच म्हणते.